गावाची मोजदाद

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात, तापी नदीच्या दक्षिणेस, नरडाणा हे गाव आहे. उत्तरेस दूरवर सातपुड्याची निळी रांग. भोवती काळी जमीन, कापसाची व बाजरीची शेते. पावसाचे ढग सह्याद्रीवरच रिते होतात, म्हणून इकडे पाऊस बेताचाच. मृग कोरडा गेला की शेतकऱ्याचे डोळे आभाळाला लागतात.

या गावाला दोन मोठ्या वाटा लाभल्या आहेत. मुंबई-आग्रा महामार्ग येथून उत्तरेकडे जातो आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग पूर्वपश्चिम धावतो. तापी पश्चिमेस वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. आगगाडीही तिकडेच जाते. आणि शेती पिकली नाही की खानदेशातील कितीतरी माणसे त्याच वाटेने सुरतेच्या कापड कारखान्यांकडे निघतात. गावाजवळ आता औद्योगिक वसाहत झाली आहे. तेथे काम मिळाले, तर तरुणाला घर सोडावे लागत नाही.

माणूस जेथे राहतो तेथेच त्याला मोजावे, असा जनगणनेचा नियम आहे. २०११ साली धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २०,५०,८६२ भरली. सुरतेत स्थायिक झालेला खानदेशी माणूस या आकड्यात नाही. पण त्याच्या घरात अजून अहिराणी बोलली जाते.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, झाडांना झोके बांधले जातात. सासुरवाशिणी माहेरी येतात, परगावी गेलेली मुलेही परततात. त्या दिवशीची माणसे कोणत्याही नोंदवहीत लिहिलेली नसतात. चुलीपुढे बसलेली आई मात्र भाकरी थापताना ती बरोबर मोजते.