दुखतंय का, विचारा

कॅन्सर म्हटलं की आपली माणसं दोनच प्रश्न विचारतात : कितवी स्टेज, आणि किती दिवस. दुखतंय का, हे कुणी विचारत नाही. दुखणारच, असं धरूनच चालतात.

सासूबाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा कुक्षीच्या आमच्या घरीही हेच झालं. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "वेदनीय कर्म आहे, भोगूनच सुटायचं." सासूबाई मान डोलवायच्या. पण पोटातली कळ पाठीत गेली की त्यांना आडवंही पडवत नसे. उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायच्या. रोजचं सामायिक सुटलं. ४८ मिनिटं एका आसनावर बसणंच होईना. कर्माची निर्जरा व्हायला मन तरी ठिकाणावर हवं ना!

इंदूरहून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. दुखणं उतरलं, पण दिवसभर गुंगी, आणि पोट साफ होईना. गोळ्या संपल्या की पुन्हा धारवरून इंदूर गाठायचं, कारण गावात त्या मिळत नव्हत्या. गंमत बघा, याच माळव्यात मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, मॉर्फिन तिच्यातूनच निघतं, नीमचला सरकारचा कारखानाही आहे. पण १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं सगळ्यांना धास्ती घातली. २०१४ मध्ये कायदा सैल झाला, धास्ती तेवढी सैल झाली नाही.

मग एका डॉक्टरांनी सुईचा उपाय सांगितला. जठराच्या मागे, कण्याच्या पुढे मज्जातंतूंचं जाळं असतं. स्वादुपिंडाची कळ तिथूनच वर मेंदूकडे जाते. एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून लांब सुई तिथवर न्यायची, आधी भुलीचं औषध आणि मग अल्कोहोल सोडायचं. ते तंतू निकामी होतात. गाठ जागच्या जागी राहते, कळेची वाट तेवढी बंद होते, तीही काही महिन्यांपुरती.

"अल्कोहोल म्हणजे दारूच की!" सासूबाई म्हणाल्या. ज्या घरात कांदासुद्धा येत नाही, तिथे हे! यजमान म्हणाले, महाराजसाहेबांना विचारून घेऊ. सासूबाईंनी डॉक्टरांनाच विचारलं, "प्यायचं नाही ना?" "नाही माताजी." मग आमच्याकडे वळून, "दुखतंय मला. मीच ठरवते."

सुईनंतर रक्तदाब उतरला, सलाईन लावलं. दोन दिवस जुलाब झाले. हे होऊ शकतं, असं आधीच सांगितलेलं होतं. कळ पुरती गेली नाही, पण गोळ्या निम्म्यावर आल्या आणि गुंगी ओसरली.

मला राग येतो तो एवढ्याचाच, की आधीच्या रुग्णालयात याचं नावही कुणी काढलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये दुखण्याच्या औषधांची तीन पायऱ्यांची शिडी आखून दिली. ती चढून संपली की मगच सुई, असं पुष्कळजण मानतात. खरं तर गाठ फार पसरण्याआधी ही सुई जास्त लागू पडते. म्हणून दुखायला लागलं की सरळ विचारावं, आमच्या पेशंटला ब्लॉक देता येईल का. सगळ्यांनाच देता येत नाही, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही आधी सांगावं लागतं.

पुढे तीनेक महिने सासूबाई सकाळी भिंतीला टेकून बसायच्या, पूर्ण ४८ मिनिटं. मग कळ हळूहळू परतली, आणि गोळ्या पुन्हा वाढवल्या.