आगटीभोवतीची भुतं

गावात कुणी भुताची गोष्ट काढली की मी ती मध्येच तोडायचो. त्याला कारण होतं. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायकांचे फार हाल झालेत. करणीच्या संशयापायी सख्खी भावकी एकमेकांच्या जिवावर उठलीय. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. शेकोटीवरची हडळ गेल्याशिवाय मांत्रिकाची हडळ जायची नाही, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. आज ते तसं राहिलेलं नाही.

नाताळच्या सुट्टीत पुण्याचे भाचे भोकरदनकडच्या आमच्या शेतावर येतात. शाळू नुकताच हुरड्यात आलेला असतो. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसायची, गरमागरम हातावर चोळायची आणि जवसाच्या चटणीबरोबर खायची. अंधार पडला की वस्तीवरची पोरंही येऊन बसतात. मग कुणीतरी म्हणतंच, "सांगू का एक?"

गेल्या वर्षी सातवीतल्या एका पोरानं सांगितलं. बाप गावाला गेलेला, हा खोपीत एकटा. मध्यरात्री विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली. दांडाला पाणी वाहायला लागलं आणि पाण्यातून कुणीतरी छपछप चालत आलं. पुण्याची पोरं एकमेकांना चिकटली. वस्तीवरची एक पोरगी मात्र म्हणाली, "स्टार्टर ऑटोवर ठेवला असंल. लाईट आली की मोटर चालू होतीच."

"मग छपछप?"

"रानडुक्कर असंल. तू उठून बघितलं का?"

"न्हाई. लई भ्यालो होतो."

व्याख्यानं देऊन मला जे साधत नव्हतं, ते त्या पोरीनं एका प्रश्नात केलं. आणि त्या पोराला बापासमोर कधी न बोलता आलेली भीती गोष्टीच्या आडून बाहेर पडली. रब्बीत थ्री फेज लाईन कितीदा रात्रीच येते. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला ही लेकरं बापामागं बॅटरी धरून जातात. साप, विंचू, ओल्या हातानं धरलेला स्टार्टर, सगळं खरं असतं. ज्वारी डोक्याच्या वर गेली की माणूस स्वतःच्याच रानात वाट चुकतो. चकव्याच्या गोष्टी तिथूनच येतात. ज्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली झाला, त्या समर्थ रामदासांच्या मारुतिस्तोत्रातही भूतप्रेतांचं नाव रोगव्याधी आणि चिंता यांच्या शेजारीच येतं. भीती हेही एक दुखणंच आहे, ते बोलून दाखवायला जागा हवी. आगटीभोवती ती मिळते, म्हणून मी आता गोष्ट तोडत नाही, उलट पुढे काय झालं ते विचारतो.

एका बाबतीत मात्र मी तसूभर हललो नाही. गोष्ट सांगणं कायद्यानं गुन्हा नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, एखाद्या बाईला चेटकीण ठरवणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हा गुन्हा आहे. परवा एकानं गोष्टीतल्या हडळीला गावातल्या एका विधवेचं नाव दिलं. मी तिथल्या तिथं थांबवलं. जितं माणूस गोष्टीत आणायचं नाही, म्हटलं. त्यानं जरा डोकं खाजवलं, हडळीला पडक्या विहिरीवरच्या बाभळीत नेऊन बसवलं आणि गोष्ट पुढं सुरू केली.