वर्गवृत्त

प्राथमिक शाळेतून घरी आलेल्या मुलाला बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : "आज शाळेत काय झालं?" आणि त्याचे उत्तरही बहुधा एकच मिळते : "काही नाही." या उत्तरात लपवाछपवी नसते. सात वर्षांच्या मुलाला पाच तासांचा गोषवारा काढता येत नाही, एवढेच त्याचे कारण. प्रश्न त्याच्या मानाने फार मोठा असतो. मग पालकांना वर्गाची ओळख होते ती तीन कागदांतून : प्रगतिपुस्तक, फीची सूचना आणि तक्रारीची चिठ्ठी. मूल दिवसभर काय पाहते, कशाने चकित होते, कुठे अडते, यांपैकी काहीही त्या तीन कागदांत नसते.

बडोद्यातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी तीस वर्षे शिकवले आणि २०१३ साली निवृत्त झाले. त्यांतली जवळजवळ वीस वर्षे मी दर शनिवारी मुलांच्या दप्तरांतून एक चौथा कागद घरी पाठवीत असे. अर्धे फुलस्केप पान, एका बाजूला लिहिलेले. आरंभी सायक्लोस्टाइल करून आणि पुढे कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून. त्याला मी 'वर्गवृत्त' म्हणत असे.

त्याची गरज भासली ती १९९४च्या जुलैमध्ये. दुसरीच्या वर्गात मी वजनमापे शिकवीत होते. दोन पत्र्याची झाकणे आणि सुतळी घेऊन मुलांनी तराजू केला होता. कांदे, खडे, चिंचोके, पाटीवरच्या पेन्सिली तोलणे आठवडाभर चालले होते. घरी बातमी गेली ती मात्र वेगळीच. एका आजोबांनी मुख्याध्यापकांना विचारले, "बाई शिकवतात की नुसतं खेळवतात?" महिनाअखेरीच्या पालकसभेला अडतीसपैकी नऊ पालक आले आणि नऊही जणांचा प्रश्न एकच होता : पुस्तकाची किती पाने झाली? त्या वर्षी वर्गातून तीन नावे आधीच कमी झाली होती. तिघेही इंग्रजी शाळेत गेले. पालकांच्या निवडीला माझी हरकत नव्हती. परंतु ज्या वर्गात काय चालते हे ठाऊकच नाही तो वर्ग सोडणे म्हणजे न चाखता ताट दूर सारणे, असे मला वाटले. निदान ताटात काय आहे ते तरी कळावे.

आमच्या गावाला सक्तीच्या शिक्षणाची परंपरा मोठी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात तिचा प्रयोग केला आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होत असे. काळाच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र शाळा आणि घर यांची पहिली भेट हुकूम व दंड यांच्या भाषेत झाली, हेही खरे. याच भूमीवर, पलीकडे भावनगरला, गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर उघडले आणि तीन वर्षांनी आपल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. मुलाला समजून घ्यायचे तर आईबापांशी बोलले पाहिजे, हे या दोघांनी जन्मभर सांगितले. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला प्रयोगशील शिक्षकही पालकांची सभा बोलावतो आणि येतात ते अगदी थोडे. माझ्या सभेतल्या रिकाम्या बाकांकडे पाहताना त्या प्रसंगाचा मला मोठा आधार वाटे.

सभेला येणे पालकांना जमत नव्हते, कारण गावाबाहेरच्या कारखान्यांत पाळ्या असत आणि बायकांना घर सुटत नसे. तेव्हा सभाच घरी पाठवावी, असे ठरवले. लिहिण्याचे काही नियम मी स्वतःला घालून घेतले. काय 'पुरे झाले' हे लिहायचे नाही. काय 'केले' ते लिहायचे. कोणत्याही मुलाचे नाव दोषासाठी घ्यायचे नाही, पण महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाचे नाव आले पाहिजे. त्यासाठी हजेरीच्या मागच्या पानावर मी खुणा करीत असे. पालकाची सही मागायची नाही. सही मागितली की कागद वाचला जात नाही, नुसता सही होऊन परत येतो. आणि शेवटी 'मुलाला विचारा' या मथळ्याखाली एकच लहानसा प्रश्न द्यायचा.

या शेवटच्या नियमाने सर्वांत अधिक काम केले. सयाजीबागेतल्या वस्तुसंग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. तो पाहून आल्यावर मी लिहिले : 'सांगाड्याची लांबी आम्ही हात पसरून मोजली. किती मुले लागली ते विचारा.' त्या संध्याकाळी दांडिया बाजारातल्या कितीतरी घरांत 'अठरा!' हे उत्तर मिळाले आणि त्यामागून देवमासा, आगगाडी, डबा, कोणाचा हात कोणाला लागला, हे सारे बाहेर पडले. विश्वामित्रीतल्या मगरी, उत्तरायणाच्या पतंगाच्या कामट्या, पावसाळ्यात व्हरांड्यात चढणारे गोगलगायींचे थवे, असे विषय प्रश्नांतून घरी गेले. 'आज काय झालं?' या प्रश्नाला न फुटणारी वाचा 'किती?' आणि 'कोणतं?' या प्रश्नांना फुटते, हे मी पुनःपुन्हा पाहिले.

घराकडून परतीची वाट सुरू होईल, अशी मात्र माझी कल्पना नव्हती. अपूर्णांकांचे बोट धरायला म्हणून मी 'सव्वा, दीड, अडीच' हे शब्द शिकवीत होते. आमची मुले गल्लीत 'सवा, दोढ, अढी' म्हणत. दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडून मी वर्गवृत्तात दिले. सोमवारी एका मुलाच्या दप्तरातून वहीचे पान आले. त्याच्या आजोबांनी थरथरत्या अक्षरात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी लिहून पाठवली होती आणि खाली टीप होती : 'औटकी मला येते, पण मुलांना इतक्यात नको.' 'बाई खेळवतात' म्हणणारे आजोबा ते हेच. पुढच्या शनिवारी ते वर्गात येऊन बसले आणि मुलांनी त्यांच्याकडून पावकी म्हणून घेतली.

वर्गवृत्त खरोखर कोण वाचते, हेही हळूहळू कळले. आमच्या बऱ्याच तरुण पालकांचे स्वतःचे शिक्षण गुजरातीत किंवा इंग्रजीत झालेले होते. मराठी त्यांच्या तोंडी होती, हातात नव्हती. लग्नपत्रिका आणि पंचांग सोडले तर घरात नवा मराठी मजकूर येत नसे. त्यामुळे कागद आजी वाचून दाखवी आणि मुलगा, सून ऐकत. एका घरी आजीही नव्हती आणि आई माहेरची गुजराती. तिथे दुसरीतली मुलगीच आईला वाचून दाखवी. त्या आईने मला एकदा उत्तर पाठवले : भाषा मराठी, लिपी गुजराती, वर शिरोरेघ नाही. 'शाळा' हा शब्द तर दोन्हीकडे एकच. तिने लिहिले होते, 'बेन, ह्या कागदामुळे मला घरातलं बोलणं समजायला लागलं.' मी वर्गाची बातमी कळवीत होते. त्या घरात तिचा धडा झाला होता.

एका मुलाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तो वर्गात चार महिने जवळजवळ बोलला नव्हता. घरी त्याला मंद ठरवून झाले होते. पावसाळ्यात आम्ही बाटली व नरसाळे यांचा पर्जन्यमापक केला. रोज सकाळी पट्टी लावून पाणी मोजण्याचे आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिण्याचे काम त्याने कोणी न सांगता स्वतःकडे घेतले. वर्गवृत्तात मी त्याचे नाव आणि त्याचे सहा दिवसांचे सहा आकडे छापले. दुसऱ्या आठवड्यात त्याची आई कामावर खाडा करून आली. सव्वाअकराच्या सुमारास ती व्हरांड्याच्या खांबाआड उभी राहिली, मुलाला वाकून पट्टी वाचताना पाहिले आणि मला म्हणाली, "बाई, हा घरी काहीच करत नाही असं आम्ही समजत होतो. त्याला काही करायला दिलंच नाही आम्ही." प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याने ही माउली शाळेपर्यंत आली नसती.

पुढे कायद्यानेही ही गोष्ट मान्य केली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, त्याने केलेली प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना देणे, हे त्यांपैकी एक. त्यातले 'इतर आवश्यक माहिती' हे शब्द मला फार आवडतात. देवमाशाचा सांगाडा आणि बाटलीतले पाणी त्यातच मावते.

आता सर्वत्र मोबाईलवरचे वर्गांचे गट आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि मगरी रस्त्यांवर दिसू लागल्या, तेव्हा अशाच गटांवरून निरोप क्षणात घरोघर पोहोचले. ते सायक्लोस्टाइलला साधले नसते. परंतु माझ्या नातीच्या वर्गाच्या गटावर एका दिवसात तीस छायाचित्रे येतात आणि त्यांत सगळी मुले कॅमेऱ्याकडे पाहून हसत असतात. मुले ज्या वस्तूकडे पाहत होती ती चित्राबाहेरच राहते. दोन ओळी आणि एक प्रश्न कोणी जोडला, तर त्याच चित्राचे वर्गवृत्त होईल.

वर्गवृत्ताने वर्ग वाचला नाही, हे सांगितले पाहिजे. मी निवृत्त झाले तेव्हा पहिलीत अकरा मुले होती. पुढे तो विभाग बंद झाला. अर्ध्या फुलस्केप कागदाने लोकांचा ओघ थांबत नाही. पण जी मुले त्या वर्गात होती त्यांच्या घरांना आपले मूल काय शिकते ते ठाऊक होते, आणि ते मराठीत ठाऊक होते. तेवढे त्या कागदाचे काम होते आणि ते त्याने केले.

आपल्यापैकी बहुतेकांची नातवंडे आज इंग्रजी, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू शाळांतून शिकतात. त्यांच्या बाईंना अर्धे पान लिहायला सवड असेलच असे नाही. तिथे आपण आरंभ करावा. नातवाला 'काय झालं' असे न विचारता 'आज वर्गात कोणती वस्तू हातात घेतली' असे विचारावे. तो ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐकावे, आणि त्या वस्तूचे आपल्या घरातले नाव त्याला सांगावे. मग दोन ओळी लिहून त्याच्या दप्तरात ठेवाव्यात : 'काल त्याने घरी तराजू केला.' कागद कुठल्याही लिपीत असो. ज्या बाईंना घराकडून असा कागद येतो, त्या आज ना उद्या उत्तर लिहितात. पावकीचे पान आल्यावर पुढच्या शनिवारचे वर्गवृत्त लिहायला मला कधी नव्हे इतका हुरूप आला होता.