माळ्यावरची ठेव

दसऱ्याचें सोनें वांटून झालें, देव्हाऱ्यापुढील आपट्याचें पान पुरतें सुकलेंही नाहीं, तोंच आमच्या घरांत एका मोहिमेची तयारी सुरू होते. पूर्वी सीमोल्लंघन करून मराठे मुलूखगिरीवर निघत. आमची मुलूखगिरी स्नानगृहावरील माळ्याच्या पलीकडे जात नाहीं. शिडीवर चढून वस्तु खालीं देणारे आम्ही, त्या झेलणारी सौ., आणि आरामखुर्चींत बसून प्रत्येक वस्तूचा निवाडा करणारी आमची आई, अशी या फौजेची रचना गेलीं कित्येक वर्षें ठरलेली आहे. मोहीम दर वर्षीं निघते, धूळ पुष्कळ उडते, आणि संध्याकाळीं बहुतेक सर्व वस्तु पुसूनपासून पुन्हा आपापल्या जागीं विराजमान होतात.

लक्ष्मी स्वच्छ घरीं येते, ही या खटाटोपामागची श्रद्धा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नवी केरसुणी आणून तिलाच लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहण्याची चाल आपल्याकडे आहे. संपत्तीच्या देवतेच्या जागीं केर काढण्याचें साधन पुजणाऱ्या पूर्वजांना मनुष्यस्वभावाची चांगलीच ओळख असली पाहिजे. घरांत येण्याची वाट वस्तूंना आपोआप सांपडते. बाहेर जाण्याची वाट मात्र त्यांना कोणी तरी दाखवावी लागते, आणि तें काम बहुधा उद्यांवर ढकललें जातें.

आमच्या माळ्याकडे पाहिलें कीं आम्हांस उत्खननाची आठवण होते. सर्वांत वरच्या थरांत पुठ्ठ्याचीं रिकामीं खोकीं, आणि जे मोबाइल केव्हांच निकालांत निघाले त्यांचे चार्जर. त्याखालीं कॅसेटी, आणि त्या वाजविणारें यंत्र घरांत नसल्यामुळें मुके झालेले त्यांतील गवई. त्याहून खालीं पितळी पातेलीं, घंगाळ आणि तांब्याचा बंब. या थराला स्वतःचा इतिहास आहे. पितळेच्या भांड्याला आंतून कथिलाची कल्हई लागते. ती उडाली आणि भांड्यांत ताक किंवा आमटी राहिली, कीं ती कळकते. पूर्वी भाता घेऊन कल्हईवाला दारीं येई, नवसागराचा धूर अंगणभर पसरे, आणि काळवंडलेलें पातेलें त्याच्या हातांतून चांदीसारखें होऊन बाहेर पडे. पुढें स्टेनलेस स्टील आलें. त्याला ना कल्हई लागे, ना चिंच. पितळ स्वयंपाकघरांतून माळ्यावर गेलें आणि कल्हईवाल्याची हांकही हळूहळू दुर्मिळ झाली.

येथवर लिहून आमच्या स्वतःच्या गठ्ठ्यांविषयीं मौन पाळणें बरें दिसणार नाहीं. 1909 सालीं ‘मनोरंजन’ मासिकानें दिवाळीचा खास अंक काढला, तेव्हांपासून मराठी घरांत फराळाबरोबर दिवाळी अंकही येऊं लागला. आमच्या घरीं तो आला म्हणजे परत जात नाहीं. तीस वर्षांचे अंक सुतळीनें बांधून आम्हीं माळ्याच्या कोपऱ्यांत रचून ठेवले आहेत. “अहो, यांतला एक तरी अंक पुन्हा उघडलात का?” असें सौ. दर वर्षीं विचारते, आणि रद्दीचा भाव हल्लीं फार उतरला आहे, असें आम्ही दर वर्षीं उत्तर देतों.

यंदा मात्र पळवाट नव्हती. घराला रंग द्यावयाचें ठरलें होतें, सोमवारीं रंगारी येणार होता, व त्यापूर्वीं माळा रिकामा होणें भाग होतें. शिवाय आमची कन्या नोकरीच्या गांवाहून चार दिवस आधींच आली होती. ती तेथें दोन खोल्यांत राहते, आणि जी वस्तु वर्षभर वापरली नाहीं ती घरांत ठेवूं नये, हा तिचा दंडक आहे. तिनें पदर खोंचावा तशी ओढणी खोंचली आणि दिवाणखान्यांत तीन ढीग आंखून दिले: ठेवावयाचें, द्यावयाचें आणि टाकावयाचें.

दुपारपर्यंत पहिला ढीग छताकडे निघाला होता. तिसऱ्यांत एक फुटकी बरणी होती. कारण निवाडा आईच्या हातीं होता. डबे हरवलेलीं झांकणें, कुलुपें हरवलेल्या किल्ल्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, गुंडाळून ठेवलेल्या सुतळ्या आणि नाड्या, यांपैकीं प्रत्येक वस्तूवर तिचा एकच शेरा पडे, “राहूं दे, लागतं कधींतरी.” तिच्या या सांठवणीची आम्हीं आजवर थट्टाच केली होती. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला सुतळीची एवढी काळजी कां असावी, हा प्रश्न आम्हांस कधीं गंभीरपणें पडलाच नव्हता.

माळ्याच्या अगदीं शेवटच्या कोपऱ्यांत, बंबाच्या पाठीमागें, एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेलें गांठोडें आमच्या हातीं लागलें. सोडून पाहिलें तों आंत पितळेचा एक तांब्या. पार काळा पडलेला, एका कुशीला पोचा आलेला. गळ्याखालीं ठिपक्याठिपक्यांनीं अक्षरें कोरलेलीं होतीं. ‘सप्रेम भेट’ एवढें वाचतां आलें, शेवटीं ‘शके 1871’ हेंही लागलें. मधलें नांव मात्र नेमकें पोच्यांत गेलें होतें. कन्येनें तो द्यावयाच्या ढिगावर ठेवला. त्याबरोबर, हात धरल्यावांचून खुर्चींतून न उठणारी आमची आई एकटी उठून उभी राहिली.

“तो देतां यायचा नाहीं,” ती म्हणाली. “तो आपला नव्हे.”

पानशेतच्या पुराची हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. या तांब्याची कधीं ऐकली नव्हती. 1961 च्या वैशाखांत आईचें लग्न झालें व ती नारायण पेठेंतील वाड्यांत सासरीं आली. त्याच वर्षीं 12 जुलै रोजीं, बुधवारीं सकाळीं, पानशेतचें धरण फुटलें आणि त्या लोंढ्यानें पुढें खडकवासल्याचेंही फुटलें. नदीकांठच्या पेठांतून पाणी चढूं लागलें, तेव्हां आमच्या आजीनें देव पदरांत घेतले, आजोबांनीं कागदपत्रांची पेटी घेतली, आणि आईनें चुलीवरची भाताची पातेली उचलली. तीच कां उचलली, हें तिला आजही सांगतां येत नाहीं. पातेली हातांत धरून ती सदाशिव पेठेंतील नातलगांच्या घरीं पोंचली.

पाणी ओसरल्यावर मंडळी परतलीं, तों वाड्याच्या मातीच्या भिंती विरघळून खालीं बसल्या होत्या. लग्नांत आलेलीं आईचीं भांडीं, लहानमोठीं धरून चाळीस, त्यांतलें एकही राहिलें नव्हतें. त्या काळच्या रीतीप्रमाणें लग्नांत तिचें नांव बदललें होतें, आणि भांड्यांवर तेंच नवें नांव कोरलेलें होतें. नांव तिच्या अंगवळणीं पडण्यापूर्वींच भांडीं वाहून गेलीं. चार दिवस चिखल उपसल्यावर तिच्या हातीं एकच भांडें लागलें, हा तांब्या. आणि तो दुसऱ्याच कोणाचा तरी होता. “ठेव, मालक येईल,” असें आजोबा म्हणाले. पेठेंत चौकशी झाली. परंतु जेथें घरेंच उरलीं नव्हतीं तेथें तांब्याची ओळख कोण पटविणार? पुढें आमचें बिऱ्हाड सहकारनगरांत आलें, आणि तांब्याही आला.

“आजी, आतां मालक कुठला येणार?” कन्येनें विचारलें. तिचा स्वर एव्हांना मवाळ झाला होता.

“येणार नाहीं, हें मला कळतं ग,” आई म्हणाली. “पण माझींही भांडीं कुणाच्या तरी चिखलांत निघालींच असतील. त्या बाईनं तीं मोडींत घातलीं असतील, असं मला कधीं वाटलं नाहीं.”

यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. जिच्या घरांतील सर्व कांहीं एका सकाळीं, तिला न विचारतां गेलें, तिनें पुढें साठांहून अधिक वर्षें एक सुतळीही आपल्या संमतीवांचून जाऊं दिली नाहीं, यांत नवल तें काय? आम्ही ज्याला सांठेखोरपणा म्हणत होतों, तो आमच्या जन्मापूर्वींच्या एका बुधवारीं सुरू झाला होता. वर्षभर न वापरलेलें टाकावें, हा नियम वाईट नाहीं. पण ज्यानें आपण होऊन टाकलें आहे त्याचा तो नियम आहे.

तथापि, प्रत्येक झांकण हा तांब्या नव्हे, हेंही तितकेंच खरें. उलट या शेंकडों झांकणांनीं, बाटल्यांनीं, आणि आमच्या दिवाळी अंकांनींही, त्या तांब्याला इतकीं वर्षें आमच्या दृष्टीआड ठेवलें होतें. कांहींच टाकलें नाहीं म्हणजे सर्व जपलें जातें, असा आपला समज असतो. आमच्या घरांत तर असें झालें होतें कीं, जी एक वस्तु आईनें खरोखर जपली ती पोटच्या मुलालाही ठाऊक नव्हती.

तें तिच्याही ध्यानांत आलें असावें. तिनें खुर्ची पहिल्या ढिगाजवळ ओढून घेतली आणि एकेक वस्तु हातांत घेऊन ती सांगूं लागली. ही किल्ली वाड्याच्या दिंडीची. कुलूप, दार आणि वाडा, तिन्ही गेलीं. ही बाटली तुझ्या डांग्या खोकल्याच्या औषधाची. हें झांकण कशाचें तें मलाही आठवत नाहीं, जाऊं दे. सांगून झालेली वस्तु ती स्वतः तिसऱ्या ढिगाकडे सारी, आणि कन्या ती मुकाट्यानें उचलून नेई. दिवेलागणीला तो ढीग आमच्या घराण्याच्या इतिहासांत प्रथमच सर्वांत मोठा झाला. किल्ली मात्र कन्येनें आपल्यासाठीं मागून घेतली. वर्षभरांत ती वापरण्याचा प्रसंग येणार नाहीं, हें तिला आम्हीं सांगितलें नाहीं.

तांब्या चिंच आणि मीठ लावून घांसला. नांव उमटलें नाहीं. पोच्यांत गेलेलीं अक्षरें घांसून थोडींच परत येतात? त्यांत पाणी भरण्यास आईनें मना केलें. परक्याची ठेव वापरूं नये, असें तिचें म्हणणें. तो पुन्हा माळ्यावर ठेवण्यासही तिनें मना केलें. “दारांतून दिसेल असा ठेव,” ती म्हणाली. आतां तो दिवाणखान्यांत, दरवाज्यासमोरच्या फळीवर आहे.

रंगारी सोमवारीं ठरल्याप्रमाणें आला. माळा रिकामा पाहून त्यानें तो आंतूनही रंगविला. आमचे दिवाळी अंक तेवढे अद्याप पलंगाखालीं आहेत. त्यांचा निकाल पुढील दसऱ्यास लावावयाचा, असें सौ.नें जाहीर केलें आहे, आणि त्यापूर्वीं आम्हीं प्रत्येक अंकाविषयीं काय तें सांगून दाखवावें, अशी अटही घातली आहे.