फ्यूज उडत नाही तेव्हा

वारजे 1997 साली पुणे महापालिकेत आलं. त्याच्या आगेमागे माळवाडीत आणि बायपासच्या कडेने ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काहींच्या जिन्याखाली अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज सापडतात. त्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमचा फ्यूज कधी उडतच नाही.’ माझ्या मते हा काही बोर्ड सुखरूप असल्याचा पुरावा नव्हे. जुना बोर्ड पुष्कळदा फ्यूज न उडताच जळतो. मेन स्विच बंद करून किटकॅट ओढून बघा. एका बाजूची पितळी पाती पिवळीधमक असते. दुसरी तपकिरी-निळसर पडलेली, तिच्याभोवती चिनीमातीवर करपट डाग, आणि तिथे येणारी वायर बोटभर लांबीपर्यंत कडक झालेली. वाकवली की आवरणाचे तुकडे पडतात. दोन्ही पात्यांतून करंट तेवढाच जातो. दोष नुसत्या लोडचा असता, तर दोन्ही सारख्याच काळवंडल्या असत्या. एकच जळते, कारण तिथली पकड ढिली झालेली असते.

ढिल्या जागी रोध वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा, त्या सांध्यात एक दशांश ओहमचा रोध आला. पूर्वीच्या घरात दिवे, पंखा, टीव्ही मिळून दोन अँपिअर गेले, तर तिथे अर्धा वॉटसुद्धा होत नाही. तीन किलोवॅटचा गीझर लावला की तेरा अँपिअर, म्हणजे जवळजवळ सतरा वॉट. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं, हे लक्षात घेतलं की नखाएवढ्या पितळेवर सतरा वॉट काय करतील ते कळतं. फ्यूजच्या तारेला मात्र यातलं काही जाणवत नाही. तिच्या दृष्टीने तेरा अँपिअर हा नेहमीचाच करंट.

यावर कोणी म्हणेल, खरा गुन्हेगार फ्यूजमध्ये बांधलेली जाड तार. ती घातक आहेच. हाताने बांधलेली योग्य मापाची तारसुद्धा वितळायला रेटिंगच्या साधारण दुप्पट करंट घेते. जाड तार बांधली तर तिच्याआधी भिंतीतली वायरच तापते. पण तेव्हा आवरण लांबवर खराब होतं, एका स्क्रूपाशीच नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: एमसीबी बसवली की प्रश्न मिटला. एमसीबी बसवावीच, तिच्यात कोणाला जाड तार घुसवता येत नाही. पण वायर तिलाही स्क्रूनेच धरलेली असते. जळकं टोक तसंच नव्या एमसीबीत कोंबलं, तर तापणं फक्त जागा बदलतं. वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायला हवी. लांबी पुरत नसेल, तर बदलायला हवी. ॲल्युमिनियमची असेल तर जास्तच काळजी, कारण ती स्क्रूखाली हळूहळू दबून ढिली होते आणि तिच्यावरचा ऑक्साइडचा थर वीज नेत नाही. मीटरच्या आधीचा सीलबंद कटआउट मात्र महावितरणचा. तिथे डाग दिसला किंवा जळकट वास आला, तर हात न लावता तक्रार नोंदवायची आणि तोपर्यंत गीझर बंद ठेवायचा.