तिथी पाहून समुद्राकडे

अलिबाग, कार्तिक वद्य द्वितीया

ती. दादा व सौ. वहिनी,

हिवाळ्यात एक सुट्टी काढून दोघांनीच अलिबाग बघून यावं असं तुमच्या मनात आहे. जालन्याहून मुंबई, गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग, हा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर शाई घालवत नाही. लिहायचं आहे ते दिवस कोणता निवडावा याबद्दल. माझं म्हणणं असं, की समुद्रकाठच्या गावी जायचा दिवस शनिवार-रविवार बघून ठरवू नये, तिथी बघून ठरवावा, आणि तिथे पोचल्यावर दिवसाची आखणीही तिथीवरच करावी. आपल्या देऊळगाव राजात तिथी लागते ती बालाजीच्या आश्विनातल्या यात्रेला, पोळ्याच्या अमावास्येला, संकष्टीच्या उपासाला. इथे ती लागते पायाखालची वाट उघडी आहे की पाण्याखाली, हे कळायला. खडकपूर्णेच्या धरणाचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. काठावर उभं राहून ते हललेलं दिसत नाही. इथे पाण्याचा चढ किंवा उतार सहा-सव्वासहा तासांत होतो, दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. आणि चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण आपल्याकडून येणाऱ्याला आधी सांगितलं नाही तर त्याचा अर्धा दिवस वाया जातो.

या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. वेळेइतकीच महत्त्वाची आहे पाण्याची उंची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एकाच रेषेतून पाणी ओढतात, म्हणून उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल ओसरतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते, तो भांगाचा काळ. तेव्हा चढणंही बेताचं आणि उतरणंही. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी असतो. हे सगळं एकत्र मांडलं तर दिवस आपोआप निवडला जातो: द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध असो वा वद्य. त्या दिवसांत सकाळी आठ-नऊच्या सुमारास पाणी चांगलं मागे गेलेलं असतं, दुपारी दोन-तीनला भरती असते आणि संध्याकाळी पाणी पुन्हा उतरत असतं. पंधरवड्यातून तीन दिवस, म्हणजे महिन्यातून सहा. त्यातला एक तुम्हा दोघांना सहज सापडेल.


अलिबाग, कार्तिक वद्य तृतीया

सकाळच्या ओहोटीचा एवढा आग्रह का, त्याचं उत्तर कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी अलिबागसमोरच्या समुद्रातल्या खडकावर तो बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून आरमार चालवलं. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागवर चालून आले आणि हात हलवत परत गेले. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे वाचतो, पण किल्ल्याची जागा अशी का निवडली ते पुस्तकात कळत नाही, ते वाळूवरून चालत गेल्यावरच कळतं. ओहोटीला किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि खडक उघडे पडतात, आणि माणूस चालत दरवाज्यापर्यंत पोचतो. भरतीला त्याच वाटेवर होडी चालते. म्हणजे शत्रू जमिनीवरून आला तर त्याला मोजके तास मिळतात, आणि वेळ चुकली की मागचा रस्ता बंद. ही वेळ राखणारा पहारेकरी चंद्र होता, असं मला मनापासून वाटतं. होडीतून उतरून किल्ला बघणाऱ्याला तट दिसतो, बुरूज दिसतात, पण हा बंदोबस्त दिसत नाही.

तटाजवळ गेल्यावर दगडांची सांधणी अगदी जवळून बघा. मोठमोठे चिरे एकावर एक रचले आहेत आणि बाहेरच्या बाजूला सांध्यांत चुना नाही. आपल्या सिंदखेड राजाच्या वाड्याची चुनेगच्ची सांधणी डोळ्यांसमोर असलेल्याला हे काम अर्धवट वाटेल. पण लाट येऊन आपटली की पाणी त्या फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. घट्ट बांधलेली भिंत तोच सगळा मार अंगावर घेईल. दगडांवर शिंपल्यांचा आणि शेवाळाचा एक पट्टा आहे, त्याच्या वर दगड कोरडा आणि फिकट. पाणी रोज कुठवर येतं त्याची खूण तीच, आणि ती फक्त ओहोटीलाच दिसते. आत गेल्यावर गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. वहिनी, संकष्टी धरणाऱ्या तुमच्यासाठी हे खास: चतुर्थीच्या हिशेबाने सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी येते, तेव्हा त्या दिवशीचं दर्शन चालत होऊ शकतं.

मग पाणी चढायला लागतं, आणि बहुतेक पाहुणे इथे चुकतात. दुपारची भरती म्हणजे रिकामा वेळ असं समजून ते खोलीवर जाऊन झोपतात. माझ्या मते समुद्रकाठचं गाव म्हणजे नुसता किनारा नव्हे, आणि भरतीचे तीन-चार तास हेच गाव बघायचे तास आहेत. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांची समाधी गावातच आहे. जवळच १९०४ पासून चालणारी चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईच्या कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने वेधशाळेच्या सुया बिघडणार, म्हणून पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं काम खाडीपलीकडे इथे आणलं, आणि इमारत बांधताना लोखंड टाळलं. आतले वेध सगळ्यांना बघायला मिळत नाहीत, पण शंभर वर्षांहून जुनी अखंड नोंद जिथे चालते ती वास्तू बाहेरून बघण्यासारखी आहे. मग मागेन अबोथ हे बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जवळच नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमवरून किहीमकर, रोह्यावरून रोहेकर अशी त्यांची आडनावं, आणि घरची भाषा मराठी. समुद्राने आणून सोडलेली माणसं मराठी होऊन गावात कशी मुरली, हे वाळूवर बसून कळत नाही. उरलेल्या वेळात आक्षी गावाला जा. तिथल्या शिलालेखाचा शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला गेला आहे, आणि मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो धरला जातो. आपली भाषा दगडावर कोरलेली बघायला थोडी वाट वाकडी करावी लागली तरी करावी.


अलिबाग, कार्तिक वद्य चतुर्थी

दादा, तुमचे आक्षेप मला इथूनच ऐकू येतात. पहिला: नोकरीवाल्याला तिथी कुठली परवडते, सुट्टी रविवारचीच. हे खरं आहे, आणि ज्याचा रविवार ठरलेलाच आहे त्याने तो बदलावा असं माझं म्हणणं नाही. त्याने कॅलेंडरवरची तिथी बघून दिवसाचा क्रम बदलावा. अष्टमीचा रविवार असेल तर ओहोटी बाराच्या सुमारास आणि भांगाची, वाटेवर पाणी राहण्याचा संभव. मग किल्ल्यावर होडीने जावं आणि सकाळ गावाला द्यावी. पौर्णिमेचा रविवार असेल तर भल्या सकाळी सहाच्या सुमारास वाट उघडी, पण तेवढ्या लवकर किल्ला उघडतो का ते आधी विचारावं. दुसरा आक्षेप: मोबाईलवर भरती-ओहोटीच्या वेळा मिनिटासकट मिळतात, मग पाऊणपटीचा हिशेब कशाला? मोबाईल जरूर बघा. ठोकताळा ढोबळच आहे, तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर तो आणखी सैल पडतो. वाळूत पाय ठेवण्याआधी शेवटचा शब्द वेळांच्या तक्त्याचा आणि किनाऱ्यावरच्या माणसाचा. पण दिवस निवडायचा असतो महिनाभर आधी, घरी, भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे. तिथे तिथी एका नजरेत सगळा पंधरवडा दाखवते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: दोघंच फिरायला जायचं ते घड्याळ विसरायला, तिथेही वेळापत्रक पाळायचं तर सुट्टी कसली? पण आपलं वेळापत्रक आपण घाईसाठी करतो, पाण्याचं वेळापत्रक माणसाला थांबायला लावतं. पाणी चढलं की किल्ल्याची वाट कुणासाठीच उघडत नाही, मग तिकडे पळायचं कारणच उरत नाही. ज्या जोडप्याला घरी एकमेकांशी सलग बोलायला वेळ नसतो, त्याला हा सक्तीचा निवांतपणा मोलाचा आहे. आणि यात जिवाचाही प्रश्न आहे. किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरातही येतात. चढतं पाणी समोरूनच येतं असं नाही. मागच्या सखल जागा आधी भरतात, आणि उंचवट्यावर उभा असलेला माणूस कोरडा असतानाच वेढला जातो. धरण, विहीर, तलाव पोहून काढलेल्या आपल्याकडच्या तरुणाला हे पाणी ओळखीचं वाटतं. ते ओळखीचं नाही. म्हणून ओहोटी पुरी होण्याआधीच वाटेला लागायचं आणि पाणी फिरलं की परत निघायचं, फोटो राहिले तरी.

मार्गशीर्षातली द्वितीया ते चतुर्थी दोन्ही पक्षांत तपासून कळवा. सोमवार ते शुक्रवारातला दिवस मिळाला तर लाँचला आणि खोलीला गर्दीही कमी. पावसाळ्यावर मात्र टाकू नका. तेव्हा गेटवेहून मांडव्याची लाँच बंद असते आणि किल्ल्याची वाटही धोक्याची. चपला भिजल्या तरी चालतील अशा, पट्ट्याच्या घ्या; खडक निसरडे आहेत. वहिनींना पांढऱ्या कांद्याची माळ हवी असेल तर ती उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येते, तेव्हाची वेगळी फेरी करावी लागेल.

मुलांना अनेक आशीर्वाद. ह्यांचा दोघांना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण