टॉवेल नसलेली केस

दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं म्हणजे चार भोकं आणि तिसऱ्या दिवशी घरी, असं हुबळीत कोणीही सांगतं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. माझ्या वेळी पित्ताशयाबरोबर यकृताकडून येणारी मुख्य पित्तनळीही कापली गेली. हजारात तीन-चार जणांना असं होतं म्हणे. सूज असली की आतलं नीट ओळखू येत नाही, चांगल्या हातांकडूनही चूक होते. त्याबद्दल सर्जनवर माझा राग तेव्हाही नव्हता.

राग होता तो पुढच्या दिवसांचा. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, अंगात ताप, आणि राउंडला येणारा प्रत्येक जण ‘गॅस आहे, जरा चाला’ म्हणून पुढच्या कॉटकडे. डोळे पिवळे झाले तेव्हा ह्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून मला बेळगावला हलवलं. तिथं सोनोग्राफीत पोटभर पित्त दिसलं. बरगडीखालून नळी घातली, पिशवीत गडद हिरवं पाणी उतरू लागलं आणि मला तापातही हायसं वाटलं. निदान माझं दुखणं खोटं नव्हतं! ती पिशवी परकराच्या नाडीला बांधून मी घरात वावरत होते. मग मोठं ऑपरेशन करून पित्तनळी थेट आतड्याला जोडली.

केस धारवाडच्या जिल्हा ग्राहक आयोगात घातली. आमच्या वकीलबाई मला अक्का म्हणत. कागद चाळून झाल्यावर म्हणाल्या, “अक्का, तुमच्या पोटात टॉवेल सापडला नाही, हीच अडचण आहे.” मग त्यांनी खुलासा केला. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात पोटात टॉवेल राहिला आणि ती बाळंतीण गेली. टॉवेल आपण होऊन आत जात नाही, त्यामुळे वेगळा पुरावा लागला नाही. तरीही घरच्यांना 36,000 रुपये मिळण्याचा शेवटचा निकाल सुप्रीम कोर्टातून आला तो 1996 मध्ये. माझ्या केसमध्ये निष्काळजीपणा मलाच सिद्ध करायचा होता. नुसतं वाईट झालं म्हणजे डॉक्टर दोषी ठरत नाही, हे 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात स्पष्ट आहे. समोरच्या वकिलांनी तोच दाखवला. जोडीला माझं संमतिपत्र होतंच. ‘पित्तनळीला इजा होऊ शकते’ ही छापील ओळ आणि खाली माझी सही.

ओळखीच्या एका सर्जननी रिपोर्ट बघून ‘फार उशीर केला’ म्हणून मान हलवली. तेवढं लिहून द्या म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असा 2010 चा निकाल आहे, त्यावर आम्ही भिस्त ठेवली.

खरी मदत झाली ती केसपेपरची. पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत तो द्यावा असा नियम आहे. आम्हाला वकिलाची नोटीस गेल्यावर मिळाला. डॉक्टरांच्या पानावर रोज एकच ओळ, तब्येत ठीक. त्याच तारखेच्या नर्सच्या चार्टवर मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं: रात्री 2.10, नाडी 124, पोट फुगलेलं, पेशंट झोपत नाही, डॉक्टरांना फोन केला. खाली वाचता न येणारी सही. कोण ती पोर, मला आठवत नाही. नोकरीची धास्ती तिलाही असणार, पण तिनं वेळेसकट लिहून ठेवलं.

आयोगानं नळी कापल्याचा दोष दिला नाही, नंतर दुर्लक्ष केल्याचा दिला. ह्यांना तो अर्धवट न्याय वाटला. मला तो बरोबर वाटतो. समोरच्यांनी निम्मी रक्कम भरून बेंगळुरूला राज्य आयोगात अपील केलं आहे, कारण ती भरल्याशिवाय अपील घेतच नाहीत. तिथली तारीख सारखी पुढं जाते. आपणही नळीबद्दल अपील करावं असा ह्यांचा आग्रह होता. मी नको म्हटलं.